कमेंटमधल्या पाव्हण्यांना टोपी-टॉवेल

मी कमेंट बॉक्स बोलतोय. लेखाच्या पायथ्याशी बसलेला, अंगाने रिकामा, कपाळावर "आपले मत लिहा" असं गोंदवलेला. तुम्ही मला कितीदा तरी पाहिलंय आणि तितक्याच वेळा ओलांडून गेलायत. आज जरा थांबा. इतकी वर्षं लोक माझ्यात बोलत आले, आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मध्येच "छान माहिती सर" म्हणून पळायचं नाही.

शिक्षणाचं विचाराल तर हसाल. माझी शाळा म्हणजे लोकांच्या कमेंटी. तिथे ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाळत नाही आणि वाक्य कुठे संपवायचं ते कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे मी अर्धवट शिकलेला राहिलो. माणसं मात्र पुरती वाचली. वर लेखात माणूस पावडर लावून बसलेला असतो. खाली माझ्याकडे येतो तेव्हा बनियनवर असतो.

माझा जन्म नंदुरबारकडच्या रनाळ्याचा. ज्याच्याकडे कॉम्प्युटर तो ब्लॉग काढायचा, त्या काळातला. बँकेत नव्याने लागलेल्या हेमकांत नावाच्या पोराने मला जन्माला घातलं. "नमस्कार, हा माझा पहिला ब्लॉग" असा एक लेख लिहिला, खाली माझ्यात स्वतःच "टेस्ट" अशी कमेंट टाकली आणि शहाद्याच्या बँकेत निघून गेला तो गेलाच. दुसरा लेख आलाच नाही. त्या एका "टेस्ट"वर मी कित्येक वर्षं काढली. रोज तेच चघळायचं. चव गेली, पण उपाशी आहे असं म्हणता येईना.

मग हेमकांतचं लग्न झालं आणि घरात चारुलता आली. तिने नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसता पुसता मला शोधून काढलं. "अहो, हा ब्लॉग तुमचा?" तिने विचारलं. हेमकांतने लाजून मान हलवली, जशी कुणी जुन्या हस्ताक्षरातली कविता सापडल्यावर हलवावी. "मग मी लिहू?" "लिही बापडी," तो म्हणाला. इतक्या सहज कुणी शेताचा बांधसुद्धा देत नाही.

तिने ब्लॉगचं नाव ठेवलं 'पथारी'. आमच्याकडे ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात, त्या पसाऱ्याला पथारी म्हणतात. हंगामात नंदुरबारकडून वारा आला की रनाळ्यातलं कुत्रंसुद्धा शिंकतं. चारुलता तिथलंच लिहायची: कुठली मिरची रंगाला, कुठली झोंबायला, देठ खुडणाऱ्या बायका बोटांना तेल का लावतात, पापड लाटताना सासू कुठल्या सुनेकडे कुठल्या नजरेने बघते. लोक वाचू लागले. माझ्यात गर्दी होऊ लागली. "टेस्ट" बिचारी तळाशी दबून गेली.

सगळ्यात जास्त वाचला गेला तो लेख छबूबाईंवरचा. छबूबाई म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. एकटी बाई. मिरची स्वतः निवडते, स्वतः वाळवते, गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणते आणि विकते. दुकान नाही, पाटी नाही. "छबूबाईंची मिरची" एवढं लोकांच्या तोंडी असलेलं नाव, हेच तिचं दुकान. फोनही बटणांचा. बाहेरगावच्या कुणाला मिरची हवी असली की तो माझ्यात लिहायचा, चारुलता वाचायची आणि भिंतीवरून ओरडायची, "मावशी, धुळ्याला मिरची पाहिजे!" पलीकडून आवाज यायचा, "देसू! आधी नाव तं सांग त्यानं!" असं आमचं इंटरनेट चालायचं.

आता माझ्याकडे येणाऱ्या पाव्हण्यांबद्दल सांगतो. यात तुम्हीही असाल, तर खाली बघू नका.

एक जात "छान माहिती सर" वाल्यांची. चारुलता बाईमाणूस आहे, लेखावर तिचा फोटो आहे, तरी "सर". घरची म्हैस गेली तेव्हा तिने रडत रडत लेख लिहिला. खाली पहिली कमेंट: "खूप उपयुक्त माहिती. असेच लिहीत राहा." म्हणजे अजून म्हशी मरायला हव्यात?

दुसरी जात येताना पिशवीत काहीतरी घेऊन येणाऱ्यांची. दोन गोड शब्द बोलायचे आणि शेवटी हळूच आपल्या साइटची लिंक चिकटवून जायचं. टक्कल घालवा, वशीकरण करा, छतावर टॉवर बसवा. लेख मिरचीचा, कमेंट टकलाची. एकाने तर लिहिलं होतं, "मिरचीने माझेही आयुष्य बदलले, केस परत आले."

ही मंडळी लिंक का चिकटवतात, तेही सांगतो. जगात एक शोध्या आहे. तुम्ही त्याला ज्या नावाने हाक मारता ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शोध्या म्हणतो. तुम्ही फोनमध्ये काही शोधलं की कुणाला वर बसवायचं आणि कुणाला मागच्या रांगेत, ते तो ठरवतो. ठरवतो कसं? तर कुठल्या साइटकडे किती जणांनी बोट दाखवलं ते बघून. लिंक म्हणजे बोट. चांगल्या घरातून बोट दाखवलं गेलं की वजन जास्त.

म्हणून माझ्यासारख्या कमेंट बॉक्सात जन्मापासून एक सोय असते. माझ्यात कुणी लिंक टाकली की तिच्या पाठीला आपोआप एक बिल्ला लागतो. इंग्रजीत त्याला नोफॉलो म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच: हा पाव्हणा आपल्या पायाने आलाय, घरधन्याने बोलावलेला नाही, याला मोजू नका. वाचणाऱ्याला बिल्ला दिसत नाही; लिंक दाबली की ती उघडतेही. फक्त शोध्याला दिसतो, आणि शोध्या मान वळवून पुढे जातो.

या बिल्ल्यावरून आमच्या घरात महाभारत झालं.

सुरुवात केली जिनेशने. जिनेश शहाद्याचा. बस स्टँडजवळ त्यांचं किराणा-पापडाचं जुनं दुकान, आजोबा भीकमचंदांच्या वेळचं. पोरगं हुशार, जिभेचं तिखट. तो लेख पूर्ण वाचून कमेंट करायचा, ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट. पापडखाराचं प्रमाण चुकलं तर तिथल्या तिथे दाखवायचा. त्याच्याही कमेंटीखाली त्याच्या दुकानाची लिंक असायची. एके दिवशी त्याला बिल्ल्याचा पत्ता लागला आणि त्याने माझ्यात लिहिलं:

"भाभी, हे बरं नाही. मी तुमच्या लेखात मीठ-मसाला घालतो, तुमच्या चुका काढतो, आणि तुम्ही माझ्या पाठीला 'हा आमचा नव्हे' असा कागद चिकटवता? त्या टकलावाल्यात आणि माझ्यात काही फरक आहे की नाही? जो लिहिण्यासाठी वेळ घालवतो त्याला काही मिळायला नको?"

बोलणं खोटं नव्हतं. चारुलताने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आणि जेवायला तिथे कोण बसलं होतं? मगन आप्पा.

मगन आप्पा म्हणजे तिचे सासरे. शेतकरी माणूस, पण पंचक्रोशीत ओळख दुसरीच: लग्नात माइकवर पुकारा करणारा. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत माइक थंड होत नाही. येणारा प्रत्येक पाव्हणा कागदाच्या चिठोऱ्यावर आपलं नाव लिहून माइककडे सरकवतो आणि पुकारणारा ते वाचतो: "अमुक गावचे तमुक आबा यांचं आगमन झालं आहे, त्यांनी स्टेजवर येऊन टोपी-टॉवेल स्वीकारावा." मगन आप्पांनी कधी कुणाचं चिठोरं परत केलं नाही. एकदा तर शेजारच्या मांडवातला नवरदेव चुकून आत आला, त्यालाही टॉवेल घालून पाठवलं.

आणि तो टॉवेल! पांढरा, विरळ, पाण्याला बघून लांब पळणारा. त्याने आजवर कुणी अंग पुसलेलं नाही. तो मिळतो, पेटीत जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. आप्पांच्या घरचा एक टॉवेल इस्त्रीने कोपऱ्यात जळला होता. तो त्यांनी शेजारच्या गावात आहेर केला. पुढच्या हंगामात तो जळका कोपरा घेऊन घरी परत आला. आप्पांनी ओळखला आणि परत लांब पाठवला. परत आला.

तर आप्पांनी बिल्ल्याची गोष्ट ऐकली आणि घास तसाच हातात राहिला.

"पाव्हना दारमा उना आनि त्याले टोपी-टावेल नही? आनि वरथून पाठले कागद? लोके काय म्हनतीन, व्हवू?"

"आप्पा, तिथे कोणीही येतं. ओळख ना पाळख."

"मग लगनमा काय वळखीनाच येतस? मन्हा जनम गया पुकारा करामा. कोन्हं नाव कधी सोडं का मी? मानना भुक्या शेतस सगळा. दे ना टावेल, तुन्हा काय जास?"

हेमकांत वरणात बट्टी चुरत होता. त्याचं मत कुणी विचारलं नाही आणि त्याने दिलंही नाही. बँकेत राहून माणूस शहाणा होतो.

चारुलताचं मन पघळलं. आतल्या सेटिंगात जाऊन तिने बिल्ला काढून टाकला आणि लेखाच्या खाली जाहीरही केलं: "इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची लिंक आजपासून मोजली जाईल." आप्पा खूश. जिनेश खूश, त्याने हात जोडलेली चित्रं पाठवली. मीही खूश, खोटं कशाला बोलू? कुणाच्या गळ्यात टॉवेल पडला की मांडवालाही बरं वाटतं.

पुढचं ऐका. ज्या ब्लॉगवर लिंक मोजली जाते अशांची नावं एकमेकांना पुरवणारी मंडळी असतात. त्यांना वास लागला. मग माझ्यात जी गर्दी झाली, ती विसरवाडीच्या चौफुलीवरसुद्धा कधी होत नाही. टकलावाले सहकुटुंब आले. कर्जवाले, ज्योतिषी, चपला विकणारे, हॉटेल बुक करून देणारे. आणि सगळे एका सुरात, "छान माहिती सर." चारुलता रोज झाडू घेऊन बसायची, पण ती एक आणि समोर फौजफाटा. जरा बरं मराठी लिहिलेलं दिसलं की सोडून द्यायची.

त्या बऱ्या मराठीत एक पाव्हणा होता. कधी प्रिया नावाने यायचा, कधी सुमन, कधी "एक गृहिणी". म्हणायचा, "ताई, छबूबाईंच्या मिरचीबद्दल वाचून माहेर आठवलं." आणि खाली लिंक: अस्सल रनाळे मिरची. साइटवर डोक्यावर पदर घेतलेल्या कुठल्याशा बाईचा फोटो, मागे लाल ढीग. ती बाई रनाळ्याची नव्हती. तो ढीग तर मिरचीचाच होता की काय देव जाणे. चारुलताला वाटलं, असेल कुणी गावातलंच, करू दे धंदा. छबूबाईंची स्वतःची साइट नव्हतीच, त्यामुळे शोध्याला रनाळ्याच्या मिरचीकडे जाणारी बोटं दिसली ती सगळी त्या एकाकडेच. तीही आमच्या घरातून. चांगल्या घरातून! त्याने त्या पाव्हण्याला उचलून पहिल्या रांगेत गादीवर बसवलं.

मग आलं भाविकाचं लग्न.

भाविका म्हणजे छबूबाईंची भाची, तिच्याच हाताखाली वाढलेली. दिली विसरवाडीला, लग्नही तिकडेच. नवरदेवाचे काका फत्तेसिंग यांचं हायवेला हॉटेल आहे. ट्रकवाले त्यांच्या हाताच्या भाजीसाठी गाडी आडवी लावतात. जेवणाचं सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या मनात आलं, सूनबाईच्या मावशीची मिरची एवढी नावाजलेली, तर लग्नाची वांग्याची भाजी त्याच मिरचीची करू आणि मांडवात जाहीर करून मावशीला चकित करू. चकित करायचं म्हणून विचारायचं नाही. फोन काढला, शोध्याला विचारलं, "रनाळ्याची छबूबाईची मिरची." शोध्याने गादीवरच्या पाव्हण्याकडे बोट केलं. फत्तेसिंगांनी पोतं मागवलं.

लग्नाला मी चारुलताच्या पर्समधून गेलो होतो, फोनमध्ये बसून. माइकवर अर्थातच मगन आप्पा. मुलीकडच्यांनी आग्रहाने नेलेले. टोपी-टॉवेल जोरात चालू. पंगती बसल्या. फत्तेसिंगांनी आप्पांच्या हातात चिठोरं दिलं आणि आप्पांनी चष्मा न लावता, आवाज चढवून वाचलं:

"आजच्या पंगतीतली वांग्याची भाजी आहे रनाळ्याच्या छबूबाईंच्या मिरचीची! मावशींनी स्टेजवर यावं!"

बायकांच्या पंगतीत छबूबाईंचा हात ताटातच थांबला. "मन्ही मिरची?" ती शेजारणीला म्हणाली. "मी तं चिमूटभर बी नही दिन्ही!" पण माइकपुढे कुणाचं चालतं? टाळ्या पडत होत्या.

लोकांनी घास घेतला. भाजी लाल तर इतकी की डोळे दिपावेत. पण जिभेवर? काही नाही. झोंबणं नाही, वास नाही. भुसा खाल्ल्यासारखं. आणि जेवण झाल्यावर खरी मजा. लोक हात धुवायला गेले, बोटं लालच. साबण लावला, लालच. ज्याने त्याने गळ्यातला मानाचा टॉवेल ओढला आणि खसाखसा हात पुसले. मांडवभर पांढऱ्या टॉवेलांवर लाल पंजे उमटले. वऱ्हाड कमी आणि खून करून आलेली टोळी जास्त वाटत होती. पिढ्यानपिढ्या फिरणारे टॉवेल त्या दिवशी जागेवर बाद झाले. जळक्या कोपऱ्याचा टॉवेलही तिथेच होता, एका दोधू नावाच्या पाव्हण्याच्या गळ्यात. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याने हात पुसला.

मी हसलो. माझा स्वभाव आहे. पण मग पर्सच्या फटीतून छबूबाई दिसली आणि हसू तिथेच थांबलं. स्टेजवर जायला उठलेली ती अर्ध्या वाटेत उभी होती. दोन्हीकडून कुजबूज. "हीच का ती मिरची?" "रंग टाकस वाटतं." एक म्हातारी भाविकालाच ऐकू जाईल असं बोलली, "मावशीने भाचीच्या लग्नातही सोडलं नाही." भाविकाने मान खाली घातली. छबूबाई मांडवाबाहेर गेली आणि मिळेल त्या गाडीत बसून रनाळ्याला आली.

दुसऱ्या दिवसापासून कमेंटी खऱ्या माणसांच्या यायला लागल्या. त्यात "सर" नव्हतं. "तुमच्या छबूबाईंच्या मिरचीने आमच्या माणसाची बोटं अजून लाल आहेत." "पंचवीस वर्षं नाव ऐकत होतो, असं निघालं होय." धुळ्याच्या माणसाने लिहिलं, "माझी मिरची राहू द्या." चारुलता भिंतीजवळ गेली, पण ओरडली नाही. पलीकडे गिरणीला न्यायचं पोतं बांधून तसंच पडलं होतं. छबूबाई ओट्यावर बसून होती.

"मावशी, तुम्ही दिली नाही हे मला माहीत आहे."

"तुले माहीत शे. तुन्हा येकलीना माहीत ऱ्हाईसन काय करू? भाविकाना सासरमा मन्हं तोंड काळं व्हयनं. का लाल म्हनू?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसता हसता बाई रडली.

चारुलता मग फोन घेऊन बसली आणि शोध्याला तेच विचारलं जे फत्तेसिंगांनी विचारलं होतं. गादीवरचा पाव्हणा वर आला. त्याच्यापर्यंत बोटं कुठून आली हे बघत बघत ती आपल्याच लेखाखाली, माझ्यापर्यंत पोचली. प्रिया, सुमन, एक गृहिणी. तिने डोक्याला हात लावला. "आप्पा," ती म्हणाली, "याला स्टेजवर मीच बसवलं. टॉवेल मीच घातला."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. माइक नसलेले आप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "आनि नाव मी पुकारं," ते हळूच म्हणाले.

चारुलताने फत्तेसिंगांना फोन लावला. त्यांचा विश्वास बसेना. "ताई, मी नाव बघून मागवलं. पहिलंच नाव होतं ते. पहिलं नाव खोटं कसं असेल?" बघा, हॉटेल चालवणारा माणूस, स्वतः रस्त्यावर "सर्वात जुने" अशी पाटी लावणारा, तोही असं म्हणतो! पण माणूस सरळ. म्हणाला, येतो, मावशीच्या तोंडावर विचारतो. सोबत भाविकाला आणि तिच्या नवऱ्यालाही घेऊन आला. खांद्यावर लग्नातला लाल पंज्याचा टॉवेल, पुरावा म्हणून.

छबूबाईने डबा उघडला, त्यातली बोटाच्या टोकावर मावेल एवढी मिरची त्याच्या तळहातावर ठेवली. फत्तेसिंग म्हणजे रोज कढईभर तिखट ओतणारा गडी. ऐटीत जिभेला लावली. क्षणभर काही नाही. मग मिशी हलली. मग कान लाल झाले. मग असा खोकला काढला की चुलीजवळचं मांजर दोन घरं सोडून गेलं. डोळ्यांतून धारा. पुरावा म्हणून आणलेल्या टॉवेलानेच त्याने नाक पुसलं.

"पाणी देऊ का?" चारुलता.

"पाणी नको," तो खोकत म्हणाला, "मावशीचा हात द्या. पाया पडतो." आणि भाविकाकडे वळून, "सूनबाई, मी नाव बघितलं, चव बघितली नाही. चूक माझ्या पोत्याची. घरी गेल्यावर तुझ्या सासूसमोर मीच सांगतो."

भाविका मावशीच्या गळ्यात पडली. आप्पा कोपऱ्यात उभे राहून घसा साफ करत होते. मिरचीने, असं त्यांचं म्हणणं.

इथे गोष्ट संपली असती. पण माझा प्रश्न शिल्लक होता. माझ्यातल्या पाव्हण्यांचं काय करायचं? हेमकांत पहिल्यांदा बोलला, "कमेंट बंदच करून टाक." म्हणजे मलाच. बँकेतला माणूस कधी बोलेल आणि काय बोलेल याचा नेम नाही.

चारुलता म्हणाली, "नाही. दार बंद केलं तर धुळ्याचा माणूस कुठे लिहील? येऊ देत सगळ्यांना. बसू देत, बोलू देत. पण बिल्ला परत लावते. सगळ्यांना." आणि तिने लावला. जिनेशलाही.

जिनेश रुसला. "भाभी, चोर कुणी दुसराच आणि दंड मला?" असं लिहून चूप झाला. मला करमेना. पापडखाराच्या चुका काढणारं कुणी नव्हतं आणि "छान माहिती सर" ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग चारुलता एक दिवस एसटीने शहाद्याला गेली. जिनेशच्या दुकानात उभी राहिली, पापड भाजून मागितला, तिथेच खाल्ला. जिनेश गल्ल्यावर गाल फुगवून बसलेला.

"चव चांगली आहे," ती म्हणाली.

"मग काय! तुम्ही तर पाठीला कागद लावला."

"लावला आणि राहणार. कमेंटमध्ये तू आपल्या पायाने येतोस, तिथे सगळे सारखे. पण लेख माझा आहे, तिथे मी बोलावते त्याला. आज खाल्लाय तुझा पापड. आज माझ्या लेखात, माझ्या शब्दांत तुझी लिंक मी घालते. बिल्ल्याशिवाय. चालेल?"

जिनेशचे गाल उतरले. "म्हणजे मला हात धरून आत नेणार?"

"चव बिघडली तर हात धरून बाहेरही काढणार."

"हे बरोबर आहे," जिनेश म्हणाला. "आमचे दादाजी माल तोंडात टाकल्याशिवाय दुकानात चढवत नव्हते." आणि व्यापारीच तो, लगेच पुढचं बोलला, "छबूबाईंना साइट नाही ना? मी बनवतो. मिरची माझ्या दुकानात ठेवतो. फोटोत मात्र खऱ्या मावशी पाहिजेत."

छबूबाई फोटोला उभी राहिली तेव्हा म्हणाली, "डोकावर पदर घेऊ का?" चारुलता म्हणाली, "नको मावशी, पदरवाली एक होऊन गेलीय." म्हणून ती हातात डबा घेऊन, जशी रागात दिसते तशी उभी राहिली. तो फोटो बघून लोकांना आपोआप ठसका लागतो. चारुलताने पुढचा लेख लिहिला, लग्नाची सगळी हकिकत, लाल पंज्यांसह, आणि मधोमध छबूबाईंच्या साइटचं बोट, तिच्या स्वतःच्या हाताने दाखवलेलं. फत्तेसिंगांनी माझ्यात कमेंट केली: "मी खाल्लीय. अजून कान गरम आहेत." धुळ्याच्या माणसाने परत मिरची मागितली. शोध्याला हे सगळं समजायला वेळ लागला, तो मोठा माणूस आहे, त्याला कामं फार. पण गादीवरचा पाव्हणा हळूहळू मागे सरकत सरकत मांडवाच्या दोरीपर्यंत गेला.

आणि मगन आप्पा? परवा रनाळ्यातच एक लग्न होतं. मी परत पर्समध्ये. आप्पा माइकवर. चिठोऱ्यांचा ढीग. यजमान बाजूला उभा राहून ज्याचं नाव स्वतः सांगायचा, त्याला आप्पा मानाने बोलवायचे, टोपी-टॉवेल, टाळ्या. बाकीची चिठोरी ते खिशात टाकत होते. तेवढ्यात कुणी एक सफारीवाले भाऊ तीनदा चिठोरं पाठवून शेवटी स्वतःच माइकजवळ येऊन उभे राहिले. आप्पांनी चष्मा लावला. हो, या वेळी चष्मा लावला. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं:

"हे पाहुणे आपल्या पायाने आले आहेत. यांचं नाव यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. यजमानांनी आम्हाला काही सांगितलेलं नाही. तरी त्यांनी पोटभर जेवून जावं, ही नम्र विनंती!"

मांडव फुटला. नवरदेवाचा फेटा हसण्याने डोळ्यांवर आला. चारुलता पोट धरून खाली बसली. आणि सफारीवाले? ते खरंच पोटभर जेवून गेले. वाढायला छबूबाई होती. तिने त्यांच्या ताटात भाजी जरा सढळ हाताने वाढली. त्यांचा ठसका माइकपर्यंत ऐकू आला.

आता मी बरा आहे. जळक्या कोपऱ्याचा टॉवेल दोधूने परत केला, तो चारुलताच्या ओट्यावर तवा उचलायला असतो. त्याचं चांगलं झालं. माझ्याकडे गर्दी कमी आहे, जी येते ती बोलणारी आहे. तळाशी हेमकांतची "टेस्ट" अजून आहे. तिला मी काढू देत नाही.

तुम्हीही ब्लॉग काढला असेल, तर म्हाताऱ्याचं एक ऐका. दार उघडं ठेवा, खाली माझ्यासारखा कुणी बसवा, आलेल्याला पाणी द्या, बोलू द्या. पण त्याच्या पाठीचा बिल्ला काढू नका. ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याचा माल आधी जिभेवर ठेवा, मग वर लेखात, स्वतःच्या हाताने दाखवा. आणि तुम्ही पाव्हणे असाल, तर या, जरूर या. लिंक आणलीत तरी चालेल, पिशवी मी तपासत नाही. फक्त लेख वाचून या. आणि एक कराल का? बाईला सर म्हणू नका.

चला. कुणीतरी टाइप करायला लागलंय. टकलाचा वास येतोय.